शाळेची अब्रू आणि मुलाचा शब्द

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्या व्यवहारात इतकी मुरून गेली आहे की, ती कोठवर खरी आणि कोठे खोटी याचा विचार आपण सहसा करीत नाही. घरातील भांडण, कुळातील वैगुण्य, संस्थेच्या कारभारातील उणेपणा, ही सारी मुठीत ठेवावी आणि चारचौघांत मूठ उघडू नये, हे शहाणपण आपण मुलांनाही लहानपणापासून देतो. पुष्कळ प्रसंगी ते निरुपद्रवी असते. कित्येकदा तर ते दयेचेच एक रूप असते, कारण दुसऱ्याचे उणे चव्हाट्यावर न आणणे हा सभ्यपणाच होय. परंतु मुठीत जे झाकलेले आहे ते आपले स्वतःचे उणे नसून एखाद्या अजाण मुलाचे दुःख असेल, तर ती मूठ झाकून ठेवण्याचा अधिकार आपणास कोणी दिला? संस्थेची अब्रू आणि मुलाचा शब्द यांचा विरोध उत्पन्न झाला असता मान कोणाला द्यावयाचा, हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे, आणि त्याचे उत्तर आपण आजवर फार सवंगपणे देत आलो आहो असे आमचे मत आहे.

हा प्रश्न आम्ही हवेतून काढलेला नाही. २०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यात ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथील एका शाळेत शिशुवर्गातील दोन बालिकांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. आरोप होता तो शाळेतच कामास असलेल्या एका सफाई कामगारावर. एकीने घरी आपल्या परीने सांगितले, तिच्या घरच्यांनी दुसरीच्या घरी विचारले, आणि तेथूनही तेच उत्तर आले. पुढे जे घडले ते मूळ दुष्कृत्याइतकेच विचार करण्याजोगे आहे. गुन्हा नोंदविण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळावे लागले. ऑगस्टच्या १६ तारखेस फिर्याद नोंदली गेली. २० तारखेस संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात रेल्वेगाड्या दिवसभर रोखून धरल्या, आणि त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली. शाळेला कळूनही तिने पोलिसांना खबर दिली नाही, यावर न्यायालयाने बोट ठेवले, आणि संस्थाचालकांवरही गुन्हा दाखल झाला. म्हणजे एका माणसाच्या विकृतीचा हा प्रश्न राहिला नाही. चार शहाण्या, प्रतिष्ठित माणसांच्या मौनाचा तो प्रश्न झाला. विकृत मनुष्य समाजात केव्हाही निघू शकतो. शहाण्यांचे मौन मात्र समाजाने स्वतः घडविलेले असते.

शाळेच्या अब्रूचा कैवार घेणारे सगळेच दुष्ट असतात असे कोणी समजू नये. एखादी शाळा उभी करण्यासाठी दोन-दोन पिढ्या खपलेल्या असतात; वर्गण्या गोळा केलेल्या असतात; गावाचा तिच्यावर लोभ असतो. अशा संस्थेच्या चालकास वाटते की, एकाच्या अपराधाने हजारांचे शिक्षण का बुडावे? हा विचार वरवर पाहता उदार दिसतो. पण त्यात एक मोठी चूक आहे. शाळेची अब्रू म्हणजे तरी काय? मुलाला दारात सोडून माघारी फिरताना आईबापांच्या मनात जो निर्धास्तपणा असतो, त्याचेच नाव शाळेची अब्रू. तो निर्धास्तपणा खरा ठरविणे हे शाळेचे काम. तो खोटा ठरल्यावरही तसाच टिकवून धरणे म्हणजे खोटे नाणे हे खोटे आहे असे ठाऊक असता बाजारात चालविणे होय. जो संस्थेचे नाव राखण्यासाठी मुलाचे तोंड बंद करतो, तो संस्थेचे नाव राखीत नाही. ज्या वस्तूमुळे त्या नावाला किंमत होती तीच तो विकतो आणि रिकामी पाटी दारावर टांगून ठेवतो.

आमच्या कायद्याने या बाबतीत रूढ शहाणपणाच्या अगदी उलट पक्ष घेतला आहे, ही गोष्ट अद्याप पुष्कळांच्या ध्यानात आलेली नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा अधिनियम २०१२ साली झाला व त्याच वर्षी १४ नोव्हेंबरपासून अमलात आला. त्याच्या १९व्या कलमान्वये, असा अपराध घडला आहे हे ज्याला कळले, किंवा घडेल अशी ज्याला धास्ती वाटते, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविणाऱ्यास २१व्या कलमाने शिक्षा सांगितली आहे, आणि तो संस्थेचा प्रमुख असेल तर ती एक वर्षापर्यंत कैदेची आहे. अशी खबर सद्‌बुद्धीने देणाऱ्यास मात्र कायद्याचे संरक्षण आहे. या तरतुदीचा नैतिक अर्थ मोठा आहे. आजवर ‘सांगावे की न सांगावे’ हा ज्याच्या-त्याच्या तारतम्याचा विषय समजला जात असे. कायद्याने ते तारतम्य काढून घेतले. मुख्याध्यापकाने आधी आपल्याशी खल करावा, मग विश्वस्तांची बैठक बोलवावी, मग त्या कामगारास गुपचूप घरी पाठवावे (म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत नोकरी शोधण्यास मोकळे सोडावे), ही सारी वाट बंद झाली. मुलाचे दुःख ही संस्थेची खाजगी मालमत्ता नव्हे, असा या कायद्याचा इत्यर्थ आहे.

परंतु कायदा दार उघडे करू शकतो; दारापर्यंत मुलाला चालत यावे लागते. ते का येत नाही? पहिले कारण असे की, मोठ्यांचे ऐकणे हाच मुलाचा पहिला सद्गुण, असे आपण त्याच्या मनावर ठसविलेले असते. आपली भाषाही या कामी हातभार लावते. शाळेतील मदतनीस बाई ‘मावशी’, गाडी चालविणारे ‘काका’, शिपाई ‘दादा’. परक्याला नात्यात ओढण्याची ही मराठी रीत गोड आहे व ती मोडावी असे आम्ही म्हणत नाही. मात्र नात्याचे नाव दिले की नात्याचा अधिकारही दिला जातो, आणि ‘काकांना नाही म्हणू नये’ हे शिकलेले मूल काकांना नाही म्हणत नाही. दुसरे कारण याहून कठोर आहे. पूर्वी पालक पोर पंतोजींच्या हवाली करताना ‘मारा, झोडा, पण शहाणे करा’ असे सांगत. शिक्षणहक्काच्या २००९ च्या अधिनियमाने, तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आल्यावर, शाळेत मुलास शारीरिक शिक्षा करणे व त्याचा मानसिक छळ करणे निषिद्ध ठरले. पण ही छडी केवळ क्रूर होती म्हणून गेली असे मानणे पुरेसे नाही. ज्या शरीरावर कोणीही मोठ्या माणसाने केव्हाही हात टाकावा ते शरीर आपले आहे, असे मुलाला वाटणार कसे? वाईट स्पर्शाविरुद्ध ओरडण्याचे बळ ज्या मुलाला द्यावयाचे, त्याला आधी हे पटले पाहिजे की, त्याच्या अंगाला हात लावण्यापूर्वी त्याची काही किंमत धरली जाते. तोपर्यंत त्याची स्थिती तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्यासारखीच राहावयाची.

येथे कोणी आक्षेप घेईल की, चार वर्षांच्या मुलाच्या बोलण्यावर कितीसा भरवसा ठेवावा? मूल कल्पनेत रमते. दुसऱ्याने सुचविलेले आपलेच म्हणून सांगते. या आक्षेपाचा परामर्श घेताना आम्हांस आपल्याच न्यायदर्शनाचे स्मरण होते. नैयायिकांनी शब्द हे प्रमाण मानले, पण तो आप्ताचा असावा अशी अट घातली. आप्त कोण? ज्याने वस्तू साक्षात अनुभवली आहे आणि जशी अनुभवली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात पुढे असेही म्हटले आहे की, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते. म्हणजे शब्दाचे प्रामाण्य बोलणाऱ्याच्या जातीवर, मानमरातबावर अथवा विद्वत्तेवर अवलंबून नाही. मग ते वयावर तरी का असावे? आपल्याला काय दुखते, कोणी दुखविले, याविषयी मुलाइतका साक्षात अनुभव दुसऱ्या कोणाला असणार? आणि लपविण्याचा हेतू कोणाचा अधिक, मुलाचा की ज्याच्यावर ते बोट दाखविते त्याचा? मूल सूचनेला बळी पडते हे खरे आहे. पण त्यावरून निष्पन्न होते ते एवढेच की, त्याला आडवेतिडवे व पुनःपुन्हा खोदून विचारू नये. जाणत्या माणसाने शांतपणे, उत्तर न सुचविता, विचारावे. कायद्यानेही हेच ओळखून मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, पोलिसी गणवेश न घालता घ्यावा असे सांगितले आहे. विचारण्याची रीत चुकते म्हणून उत्तरच खोटे मानणे, हा तर्क वकिलाला शोभेल, गुरूला नव्हे.

मोठ्यांच्या वादात मुलाचा शब्द हरवणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला तेव्हा मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेण्यात आले. त्यावरून महाराष्ट्रात केवढे रण माजले हे सर्वश्रुत आहे. टिळकांनी परकीय सरकारने आमच्या धर्माचारात हात घालू नये म्हणून विरोध केला. आगरकरांनी कायद्याचा पुरस्कार केला. भांडारकरांनी शास्त्राधार काढून दाखविले. दोन्ही पक्षांकडे विद्वत्ता होती, देशहिताची तळमळ होती. परंतु आज तो वाद चाळताना एक गोष्ट मनाला टोचल्यावाचून राहत नाही. धर्म काय म्हणतो, सरकारचा अधिकार कोठवर, राष्ट्राची मान खाली जाईल काय, याचा ऊहापोह पानेच्या पाने झाला. ज्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या देहाविषयी हे चालले होते तिला काय वाटते, हे विचारण्याची रीतच तेव्हा नव्हती. तेथे राष्ट्राची अब्रू होती, येथे शाळेची आहे. मुठीत झाकलेली वस्तू तीच.

आता आम्ही राहतो त्या नवी मुंबईकडे वळू. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर आखून वसविले आणि १९९२ पासून त्याची स्वतंत्र महानगरपालिका आहे. वाशी, नेरूळ, ऐरोली, कोपरखैरणे अशा उपनगरांत सेक्टर पाडले गेले. घरांबरोबर शाळांसाठीही भूखंड राखले गेले. ही योजकता वाखाणण्याजोगीच आहे. पण नकाशावर जागेची तजवीज होते, ओळखीची होत नाही. ज्या आगरी-कोळी गावांच्या जमिनींवर हे शहर उठले तेथे कोणाचे पोर कोठे खेळते हे साऱ्या आळीला ठाऊक असे. आजच्या सेक्टरात आईबाप सकाळी हार्बरच्या गाडीने मुंबई गाठतात अथवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत व कचेऱ्यांत जातात. मूल गाडीवाल्या काकांच्या, दारावरच्या पहारेकऱ्याच्या, कंत्राटदाराने पाठविलेल्या सफाई कामगाराच्या, शेवटी पाळणाघरातील मावशीच्या हाती जाते. यांपैकी बहुतेक सारे प्रामाणिक, कष्टाळू लोक असतात. परंतु त्यांना नेमले कोणी, त्यांची पूर्वपीठिका तपासली कोणी, हे विचारल्यास शाळा कंत्राटदाराकडे बोट दाखविते आणि कंत्राटदार आणखी कोणाकडे. जुन्या गावाची नजर गेली, आणि तिच्या जागी नवी नजर अद्याप आलेली नाही.

ती जागा यंत्राने भरून काढावी असा आजचा कल आहे. बदलापूरच्या प्रकरणानंतर राज्य शासनाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी निर्णय काढून शाळांत कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांविषयी आदेश दिले. यांतील सखी सावित्री समितीचा आदेश तर २०२२ सालीच निघालेला होता, एवढ्यावरूनच कागद आणि आचरण यांतील अंतर ध्यानी यावे. कॅमेऱ्याची मर्यादा नवी मुंबईने त्याआधीच पाहिली होती. २०१६ च्या नोव्हेंबरात खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेस तेथील मदतनीस स्त्रीने निर्दयपणे मारल्याचे चित्रण साऱ्या देशाने पाहिले. कॅमेरा तेथे होता. त्याने सारे टिपलेही. परंतु मुलीच्या अंगावरील खूण घरच्यांना दिसून विचारपूस होईपर्यंत ते चित्रण पाहिले कोणी नव्हते. कॅमेरा साक्षीदार होऊ शकतो, राखणदार होऊ शकत नाही. तक्रारपेटीचेही तसेच. ज्या मुलाला अक्षर येत नाही त्याने पेटीत काय टाकावे? शिशुवर्गाच्या मुलाची तक्रारपेटी म्हणजे त्याचे ऐकून घेणारी बाई. तिला वेळ नसेल, चाळीस-पन्नास मुलांच्या गलबल्यात तिला एकाचा उतरलेला चेहरा दिसत नसेल, तर भिंतीवरची पेटी रिकामीच राहणार.

यावर शिक्षकवर्गाकडून एक खंत व्यक्त होते, आणि ती आम्हांस उपेक्षणीय वाटत नाही. असा संशय वातावरणात भरला तर गुरुशिष्यांतील जिव्हाळा मरेल; पडलेल्या मुलाला उचलून घेण्यास, रडणाऱ्याच्या पाठीवरून हात फिरविण्यास शिक्षक कचरतील; एखादा निरपराध माणूस खोट्या आरोपाने जन्मभर कलंकित होईल. ही भीती निराधार नाही. कलंक धुऊन निघणे कठीण असते हे आपण जाणतो, आणि म्हणूनच कायद्याने खोटी फिर्याद करणाऱ्या प्रौढास शिक्षा सांगितली आहे, मुलास मात्र वगळले आहे. परंतु ज्या जिव्हाळ्याला प्रश्न सहन होत नाही तो जिव्हाळा नव्हे, तो दरारा होय. बँकेचा रोखपाल रोज संध्याकाळी हिशेब जुळवून देतो. त्यात त्याला अपमान वाटत नाही, उलट तो हिशेबच त्याच्या सचोटीची ढाल असतो. मूल व प्रौढ एकांतात राहणार नाहीत, लहान मुलींना स्वच्छतागृहात स्त्री मदतनीसच नेईल, नवा माणूस पडताळणीवाचून कामास लागणार नाही, हे नियम सर्वांना सारखे लागू केले म्हणजे ते कोणा एकावरचा संशय राहत नाहीत. चारचौघांच्या देखत पाठीवर ठेवलेला मायेचा हात या नियमांनी आखडत नाही. नियम ढिले असतात तेथेच कुंपण शेत खाते, आणि मग दोष साऱ्या कुंपणाला लागतो.

दुसरी एक गोष्ट सांगणे अवघड आहे, पण सांगितलीच पाहिजे. बदलापूरच्या स्थानकावर फाशीची मागणी झाली. लोकांचा तो संताप आम्ही समजू शकतो. कित्येक तास दाद न लागलेल्या माणसांचा राग रुळांवर उतरला यात नवल नाही. पुढे २३ सप्टेंबर २०२४ रोजी आरोपीस तळोजा कारागृहातून नेत असता मुंब्र्यानजीक पोलिसांच्या गोळीने त्याचा अंत झाला. त्यावर कोठे समाधान व्यक्त झाले. पोलिसांच्या कृतीविषयीचे प्रश्न मात्र उच्च न्यायालयापर्यंत गेले. आमचा मुद्दा येथे वेगळाच आहे. त्या मृत्यूबरोबर, घडले ते न्यायासनापुढे सांगोपांग सिद्ध होऊन त्याला दंड होण्याची वाटही बंद झाली. मुलाचा शब्द ऐकणे याचा अर्थ तो ऐकून, पारखून, खरा ठरवून त्यावर न्यायाची मोहोर उठविणे असा आहे. सूड झटपट होतो आणि समाजाला हायसे वाटते. पण हायसे वाटलेला समाज पुन्हा आपापल्या कामाला लागतो. एक मनुष्य नाहीसा झाल्याने सखी सावित्री समितीची बैठक भरत नाही, की कंत्राटदाराचा कागद तपासला जात नाही. क्रोध एका दिवसाचा असतो. मुलाची राखण रोजची आहे, आणि तिच्यात क्रोधाचे तेज मुळीच नाही.

ही रोजची राखण कशी असते याचा धडा महाराष्ट्राला परका नाही. ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचे कार्य हाती घेतले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि पुढे १९४५ पासून बोर्डीस व नंतर कोसबाडला अनुताई वाघांच्या साहाय्याने त्यांनी बालवाडी गोरगरिबांच्या वस्तीत नेली. मूल शाळेत येत नाही तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, ही त्यांची दृष्टी होती. त्या अंगणवाडीचा एक गुण आज विशेष आठवतो. अंगण उघडे असते. तेथे आई डोकावते, आजी येऊन बसते, येणाजाणारा पाहतो. शिकविणे आणि राखणे ही तेथे दोन कामे नव्हती. सेक्टरातील तिमजली शाळेला अंगण करता येणार नाही. पण पालकांना केव्हाही आत येता येईल, मुलाला एका तरी मोठ्या माणसापाशी भीड न धरता बोलता येईल, १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक मुलांना पाढ्यांसारखा पाठ असेल, इतका मोकळेपणा कोणत्याही इमारतीत आणता येतो.

तात्पर्य, शाळेचे मोठेपण तिच्यात कधीच काही वाईट घडले नाही यावर मोजू नये. माणसे आहेत तेथे वाईट घडण्याचा संभव राहणारच. मूल बोलले तेव्हा शाळेने पहिल्या तासात काय केले, यावर ते मोजावे. जी शाळा आपण होऊन पोलिसांना कळविते, पालकांना बोलाविते आणि त्या मुलाचे नाव मात्र कोणाला कळू देत नाही, तिची पटसंख्या कदाचित वर्षभर रोडावेल. तसे झाले तर तो दोष शाळेचा नसून तुमचा-आमचा, पालकांचा आहे. खरे सांगणाऱ्या शाळेतून मूल काढून खोटे झाकणाऱ्या शाळेत घालणारे पालकच संस्थाचालकांना मूठ झाकण्यास शिकवितात. यास्तव येत्या जूनमध्ये मुलाचे नाव घालावयास जाताना फी किती आणि निकाल किती, या दोन प्रश्नांबरोबर तिसराही विचारावा: माझ्या मुलाने काही सांगितले तर येथे ते कोण ऐकेल? या प्रश्नाने ज्या मुख्याध्यापकाच्या कपाळास आठी पडेल त्याची शाळा सोडून द्यावी. जो उठून त्या माणसाची गाठ घालून देईल त्याच्या शाळेत मूल निर्धास्तपणे घालावे.